सुट्टीवर घरी जाल तेव्हा आईला बाजारात न्या

दुबईत, न्यू जर्सीत किंवा मेलबर्नला नव्यानं आलेल्या खान्देशी माणसाला जुनी कुटुंबं सगळं शिकवतात: घर कुठे घ्यावं, शाळा कोणती, गाडीचा परवाना कसा काढावा. पहिल्या मोठ्या सुट्टीत गावी गेल्यावर काय बदललेलं दिसेल, हे मात्र कोणी सांगत नाही. आईचे गुडघे गेलेले असतात. फोनवर ती 'बरं आहे' म्हणत असते, आणि घरी पोहोचल्यावर कळतं की ती सहा महिन्यांत कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाच्या पुढे गेलेली नाही. बाहेर दहा-वीस वर्षं काढलेल्या जळगाव-धुळ्याच्या कुटुंबांना या बाबतीत जे उमगलं, ते इथे एकत्र केलं आहे. त्या सगळ्यांचं एका गोष्टीवर एकमत आहे: आईसाठी साडी आणू नका, आईला साडी घ्यायला न्या.

कारण साधं आहे. घरातल्या प्रत्येक लग्नाचा बस्ता जिनं बांधला, कोणत्या नणंदेला कोणता रंग चालतो हे जिला तोंडपाठ, तिला आता मोबाइलवर फोटो दाखवून 'यातली कोणती?' असं विचारलं जातं. साडी बोटांत धरून, पदर उलटा करून पाहिल्याशिवाय ती कधी घेत नव्हती. तिला गाडीत बसवून ठेवून आपण दुकानातून चार साड्या दाखवायला आणणं हाही त्यातलाच प्रकार. सगळी आखणी तिला दुकानातल्या खुर्चीपर्यंत नेण्यासाठी करायची. त्यापुढचं ती पाहून घेते.

आधी वेळ ठरवा. आखाजीला सोनं घ्यायची रीत आहे, पण आखाजी ऐन उन्हाळ्यात येते आणि जळगाव-भुसावळकडे तेव्हा पारा ४४-४५ अंशांना टेकलेला असतो. अशा उन्हात सत्तरीच्या माणसाला सराफ बाजारात फिरवू नये, हौस कितीही असली तरी. आधीच जाऊन दागिना पसंत करून ठेवावा. मुहूर्ताला घरातलं दुसरं कोणी जाऊन आणेल. आखाती देशांतली मंडळी जुलै-ऑगस्टमध्ये येतात, तेव्हा कानबाईची धामधूम असते, पण पावसाचा चिखलही असतो आणि ओल्या फरशीवर काठी सरकते. जमत असेल तर डिसेंबर-जानेवारी धरा. सकाळी अकराच्या सुमाराला, दुकान नुकतं उघडलेलं असताना पोहोचा. तेव्हा माल दाखवणाऱ्यालाही सवड असते. आठवडे बाजाराचा दिवस आणि लग्नसराईतले रविवार टाळा. जळगाव आणि धुळे एकाच दिवसात उरकायचा बेत करू नका. पारोळा-एरंडोलमार्गे अंतर नव्वदेक किलोमीटरचं, म्हणजे तरण्या माणसाला काहीच नाही. पण दुखऱ्या गुडघ्यांना जाऊन-येऊन चार तास गाडीत मुडपून बसणं बाजारातल्या चालण्यापेक्षा जड जातं.

आदल्या दिवशी घरातल्या एकानं मोजमापाची टेप घेऊन दुकानं पाहून यावीत. ज्यांनी हे केलं नाही त्यांचा दिवस पहिल्या पायरीशीच अडला. रस्ता आणि दुकान यांच्यामध्ये गटार, गटारावर हलणारी फरशी, मग ओटा आणि ओट्याला दोन किंवा तीन उंच पायऱ्या, असं जळगावच्या फुले मार्केटच्या आसपास पुष्कळ ठिकाणी दिसतं. दुकानदार मनानं चांगले असतात, लगेच 'फळी टाकून देतो' म्हणतात. पण चाकाच्या खुर्चीसाठी चढाचं प्रमाण एकास बारा धरतात. अर्ध्या फुटाच्या एका पायरीला सहा फूट लांब फळी हवी. दोन फुटांच्या फळीवर खुर्ची चढवाल तर ती मागे उलटते. एखादीच पायरी असेल तर फळीच्या भानगडीत न पडता खुर्ची पाठमोरी करावी, मोठी चाकं पायरीला टेकवावीत, एकानं वरून मुठी धरून ओढावं, दुसऱ्यानं समोरून चौकट उचलून धरावी. उतरतानाही पाठमोरंच उतरायचं. घरच्या पायरीवर रिकाम्या खुर्चीनं आधी सराव करा.

खुर्ची कोणती न्यायची याबद्दल परदेशातून येणारे हमखास फसतात. तिकडे मिळणारी हलकी, चारही चाकं लहान असलेली घडीची खुर्ची विमानातून आणायला सोपी, मॉलच्या गुळगुळीत फरशीवर छान चालते. आपल्या रस्त्यावरच्या पहिल्याच खड्ड्यात तिचं पुढचं चाक अडकतं आणि बसलेलं माणूस पुढे झुकतं. मागची चाकं मोठी असलेली साधी खुर्ची जळगावातच घ्या किंवा भाड्यानं आणा. तिची रुंदी साधारण पंचवीस इंच असते, तेवढा दरवाजा दुकानाला आहे का ते टेपनं पाहा. माळ्यावरच्या साडी विभागाला लिफ्ट असली तर ती चालू आहे ना, आणि वीज गेली तर जनरेटरवर चालते का, हेही विचारून या. लिफ्ट नसेल तर माल खाली आणून दाखवाल का, असं मालकाशी आधीच बोलून ठेवा. दिव्यांग हक्कांचा २०१६ चा कायदा इमारती सुगम करायला सांगतो, आणि तसं व्हायलाच हवं. पण आईला घेऊन सुभाष चौकात उभे असाल त्या घटकेला आदल्या दिवशी मालकाशी झालेलं बोलणंच कामी येतं.

कापड दुकानातली गादी ही मोठीच अडचण. पांढऱ्या गादीवर मांडी घालून बसायचं, समोर साड्यांच्या घड्या उलगडत जायच्या, मध्येच चहा यायचा, यातच बस्त्याची खरी मजा होती. आता खाली बसलं तर उठवायला दोघं लागतात. म्हणून दुकानात शिरल्या शिरल्या हाताची खुर्ची मागा, गादीच्या काठाला लावा, आणि साडी खाली न टाकता तिच्या मांडीवर उलगडायला सांगा. मुरलेला सेल्समन हे न सांगताही करतो. आरसा तिच्यापुढे आणवून घ्या. आपण पुढे होऊन 'ही छान आहे' म्हणण्याची घाई करू नका. 'हाऊ रंग नको' म्हणत तिनं वीस साड्या बाजूला सारल्या तर सारू द्या. गादीच्या दुकानांत चपला बाहेर काढाव्या लागतात, म्हणून पट्ट्यानं चिकटणाऱ्या, मागून बंद असलेल्या सँडल घाला. मधुमेह असेल तर अनवाणी चालवू नका, जाड मोजे जवळ ठेवा.

सराफाकडे तुलनेनं सोपं. राजमल लखीचंद यांच्या पेढीपासून, म्हणजे १८५४ पासून, जळगावच्या सोन्याचं नाव आहे, आणि आज मोठ्या पेढ्यांत काउंटरसमोर खुर्च्या असतात, गारवा असतो. तिथे लक्ष द्यायचं ते मापाकडे. संधिवातानं बोटांचे सांधे जाड झालेले असतात. अंगठी बोटाच्या मुळाशी बसते, पण सांध्यावरून जात नाही. बांगड्या चढवताना हात दाबावा लागतो आणि ती दुखतंय म्हणून सांगत नाही. पेचाच्या, उघडणाऱ्या पाटल्या दाखवायला सांगा. हॉलमार्कचा सहा अक्षरी-अंकी एचयूआयडी दागिन्यावर पाहून घ्या. १ एप्रिल २०२३ पासून तो सक्तीचा आहे. खरेदी दोन लाखांच्या वर जाणार असेल तर पॅन कार्ड लागेल.

धुळ्याला एक सोय आहे. खान्देशचा पहिला कलेक्टर ब्रिग्ज यानं १८१८ नंतर हे ठाणं वसवलं, तेव्हाच्या सरळ आखणीमुळे जुन्या गावातल्या गल्ल्या आजही आकड्यांनी ओळखल्या जातात. आग्रा रोडवर हातगाड्या आणि दुचाक्यांच्या गर्दीत गाडीचं दार उघडून कोणाला उतरवणं धोक्याचं. शेजारच्या गल्लीत गाडी थांबवून दुकानाच्या जवळच्या बोळातून आलं की सोपं पडतं. गाडीत बसवताना आधी पाठ आसनाकडे करून बसू द्यायचं, मग दोन्ही पाय एकदम आत घ्यायचे. पुढची सीट मागे सरकवलेली हवी. ड्रायव्हर ओळखीचा घ्या, म्हणजे तो फोन केल्यावर दारात येईल.

बाथरूमची गोष्ट कोणी काढत नाही, आणि बहुतेक आया बाजाराला जायच्या दिवशी सकाळपासून पाणीच पीत नाहीत ते याच कारणानं. आपल्याकडच्या उन्हात हे थेट आजारपणाला बोलावणं आहे. म्हणून बाजाराजवळचं, तळमजल्यावरचं, कमोड असलेलं एखादं नातेवाइकाचं घर किंवा हॉटेल आधी हेरून ठेवा आणि तिला निघण्यापूर्वीच सांगा. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवी जास्त होते. त्या दिवशी ही गोळी कधी घ्यायची हे डॉक्टरांना विचारा, मनानं बंद करू नका.

वडिलांचं दुखणं वेगळं. ते काठी घरी ठेवून निघतात, कारण चौकात ओळखीचं कोणीतरी भेटणार असतं. खुर्ची म्हटलं की बिनसलंच. त्यांच्याशी वाद घालू नका. खुर्ची फक्त गाडीपासून दुकानापर्यंत, आत चालत जायचं, असा सौदा बहुतेकांना पटतो. आईलाही हाच पटतो. पैसे द्यायचं काम वडिलांकडे ठेवा.

दोन दुकानं, फार तर तीन. मधल्या वेळी बसून काहीतरी खाणं. संध्याकाळी पायांना सूज येईल, म्हणून दुसऱ्या दिवशी कुठलंही जेवणाचं आमंत्रण घेऊ नका. पाहुण्यांना आईकडेच बोलवा, साड्या तिथे पुन्हा उलगडल्या जातीलच. फॉल-पिकोला टाकायचं काम तुम्ही करा, ब्लाउजच्या मापाला शिंपीणबाईंना घरी बोलवा, आणि तुमचं परतीचं विमान कधी आहे ते त्यांना आधीच सांगून ठेवा, म्हणजे तुम्ही निघण्यापूर्वी आईला ती साडी नेसलेली पाहता येईल.