पोपटास मिरची का झोंबत नाही?

नाशिक जिल्ह्यातील निफाड, दिंडोरी या तालुक्यांत द्राक्षमण्यांत साखर भरू लागली, की पाखरांचा उपद्रव सुरू होतो. टोचलेला मणी कुजतो, त्याचा रस शेजारच्या मण्यांस लागतो आणि घडाचा भाव उतरतो. रानडुकरे व माकडे यांना हुसकावण्यासाठी तिखटाचा वापर होतो. तेव्हा पाखरांसाठीही तिखटाचे पाणी फवारावे, असे बागायतदारास वाटणे स्वाभाविक आहे. परंतु हा खर्च वाया जातो. त्याचे कारण प्राण्यांच्या चेतापेशींत आहे.

त्वचा, जीभ, डोळे यांत संवेदी चेतापेशींची टोके पसरलेली असतात. त्यांच्या आवरणावरील विशिष्ट प्रथिनांना ग्राही म्हणतात. ग्राही म्हणजे ठरावीक किल्लीने उघडणारे दार होय. दार उघडले, की विद्युत्भारित कण पेशीत शिरतात व संदेश मेंदूकडे जातो. कोणत्या पेशीवर कोणती दारे आहेत, यावर त्या प्राण्याला काय जाणवेल हे ठरते.

ही वाटणी सर्वत्र सारखी नाही. नाकातील एका चेतापेशीवर सामान्यतः गंधग्राहीचा एकच प्रकार असतो; मनुष्यात असे सुमारे ४०० प्रकार आहेत, तर उंदरात सुमारे १,०००. वेदना वाहणाऱ्या पेशींचे तसे नाही. त्यांतील अनेकींवर मिरचीचा ग्राही असतो आणि त्यांपैकी काहींवर मोहरी, लसूण व कांदा यांच्या उग्र द्रव्यांचा ग्राहीही असतो. गारव्याचा ग्राही मात्र बहुधा निराळ्या पेशींवर आढळतो.

मिरचीचा ग्राही डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ मध्ये शोधला. २०२१ चे नोबेल पारितोषिक त्यांना आर्डेम पाटापूटियन यांच्यासह मिळाले. मिरचीतील कॅप्सायसिनने उघडणारे हे दार सुमारे ४३ अंश सेल्सियस उष्णतेनेही उघडते. तिखटाने जिभेची ‘आग’ होते, असे आपल्या आयाबाया म्हणतात ते शास्त्राला धरूनच आहे.

लासलगावचा कांदा शिक्षकांना वर्गात उपयोगी पडेल. अखंड कांदा डोळ्यांस त्रास देत नाही. चिरल्यावर वेगवेगळ्या कप्प्यांतील द्रव्ये एकत्र येऊन बाष्प तयार होते. ते बुबुळावरील पारदर्शक पटलातील चेताटोकांना झोंबते आणि मेंदू अश्रू सोडवितो. थंड केलेला कांदा कमी रडवितो, कारण गारव्याने ही रासायनिक क्रिया मंदावते.

पक्ष्यांकडेही मिरचीचा ग्राही आहे. तो उष्णतेने उघडतो, मात्र त्याची घडण किंचित वेगळी असल्याने कॅप्सायसिनने जवळजवळ उघडत नाही, हे २००२ मध्ये कोंबडीच्या ग्राहीवरून दिसून आले. पिंजऱ्यातला पोपट हिरवी मिरची आवडीने खातो तो यामुळे. यात मिरचीचाही लाभ आहे: सस्तन प्राणी बी दाढांखाली चिरडतात, पक्षी ते अखंड दूरवर टाकतात.

द्राक्षबागेत फवारलेले तिखट म्हणून पाखरांना कळत नाही. फवारणाऱ्या मजुराच्या डोळ्यांना मात्र पुरेपूर कळते. पक्ष्यांना झोंबते ते मेथिल अँथ्रानिलेट. गंमत अशी, की अमेरिकेतील कॉनकॉर्ड द्राक्षांचा गंध याच द्रव्याचा आहे. बागेच्या रक्षणासाठी जाळी हाच खात्रीचा उपाय असून ती मण्यांत गोडी उतरण्यापूर्वी लावावी लागते. जेथे रानडुकरांचा त्रास आहे, त्या शिवारात तिखटाचा प्रयोग करून पाहण्यास हरकत नाही.