जुन्या मालमोटारीचें चाक व टायर यांचा मेळ

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं लहानपणीं बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवितांना पाहिली असेल. लोहार धावेचा घेर चाकाच्या घेरापेक्षां किंचित् कमी ठेवी, ती लाल तापवून चाकावर बसवी आणि वर पाणी ओती. धाव आकसून पुठ्ठ्यांना घट्ट आवळी. तेथें रुंदीचा प्रश्न सोपा असे. जेवढा पुठ्ठा रुंद, साधारण तेवढीच धाव. मोटारीच्या रबरी टायराचा प्रकार निराळा आहे, आणि तो न समजल्यामुळें आमच्या संस्थेस गेल्या वर्षीं जो भुर्दंड पडला, तो आधीं सांगून मग मुद्द्याकडे वळूं.

संस्थेच्या आवारांत ‘१२१०’ या आंकड्यानें ओळखली जाणारी टाटांची जुनी मालमोटार आहे. जर्मनीच्या डेम्लर-बेंझ कंपनीच्या सहकार्यानें टाटांनीं १९५४ सालीं मालमोटारी बनविण्यास आरंभ केला व १९६९ सालीं तो करार संपला. आमची गाडी त्याच वंशांतली. १९९६ सालीं भाजीपाल्याचा व फळांचा घाऊक बाजार मुंबईहून इकडे तुर्भ्यास आला, त्यानंतर कित्येक वर्षें हिनें पनवेल तालुक्यांतील काकडी व शिराळीं तेथें पोंचविलीं. आतां जवळपासचें भात गिरणीवर नेणें एवढेंच काम हिच्याकडे उरलें आहे.

हिचीं मागचीं दोन चाकें गंजून गेलीं, तेव्हां जुन्या सामानाच्या बाजारांत दोन चाकें निम्म्या किंमतींत मिळाली. खरेदीच्या कागदावर सही आम्हींच केली. भोकें जुळलीं, वीस इंचांचा व्यास जुळला, म्हणजे चाक जुळलें असें आम्हीं मानलें. उभा जन्म महसूल खात्यांत साखळीचें व गुंठ्यांचें माप लिहिण्यांत गेला, पण ह्या चाकांस टेप लावण्याची बुद्धि झाली नाहीं! तिसऱ्याच खेपेस, कळंबोली ओलांडून तळोज्याकडे जातांना, मागील जोडचाकांतला आंतला टायर फुटला. सगळा भार शेजारच्यावर आला व तोही गेला. भाताच्या पोत्यांसह गाडी कलंडतां कलंडतां राहिली. गाडीवान व दोन हमाल बचावले.

मागाहून पाहतां चाकें सहा इंची निघालीं. तीं ७.५०-२० ह्या लहान टायराचीं होतीं आणि आम्हीं त्यांवर ९.००-२० चढविला होता. ह्या आंकड्यांचा अर्थ असा कीं पहिला आंकडा टायराच्या रुंदीचा व दुसरा चाकाच्या व्यासाचा, दोन्ही इंचांत. त्यांतही पहिला आंकडा केवळ नांवाचा. ‘नऊ’ म्हणविणारा टायर हवा भरल्यावर प्रत्यक्षांत दहा इंचांहून थोडा अधिकच भरतो. चाकाची रुंदी ह्या नांवाच्या आंकड्याच्या पाऊणपट किंवा त्याहून किंचित् अधिक असावी लागते. ७.५०-२० ला सहा इंच, ८.२५-२० ला साडेसहा, ९.००-२० ला सात आणि १०.००-२० ला साडेसात इंच हें नेमस्त प्रमाण होय. अर्ध्या इंचाची सवलत कोठें कोठें असते, परंतु ती टायर करणाराच्या कोष्टकांत पाहूनच घ्यावी, अंदाजानें घेऊं नये.

चाक अरुंद असलें म्हणजे टायराच्या दोन्ही कडा जवळ ओढल्या जातात, पाठ फुगून मधोमध झिजते, आणि बाजू पायाखालीं आधार नसलेल्या भिंतीप्रमाणें झुलत राहतात. झुलण्यानें उष्णता वाढते व रबराच्या आंतील दोऱ्यांचे थर सुटतात. चाक फार रुंद असलें तर उलट कडा ताणल्या जातात, पाठ सपाट होऊन दोन्ही खांद्यांवर झीज येते व बाजूंची लवचिकता जाते. शिवाय चाक अर्धा इंच रुंद केलें कीं टायर सुमारें दोन दशांश इंच रुंदावतो. एकट्या चाकाला ह्याचें फारसें वाटत नाहीं, जोडचाकाला वाटतें. भार पडून बाजू फुगल्या तरी दोन टायरांमध्यें मोकळी फट राहिलीच पाहिजे. आमच्या सहा इंची चाकांची तबकडी लहान टायराच्या हिशेबानें कमी खोल होती. त्यामुळें दोन्ही टायर एकमेकांस घासत होते. फुटलेल्या रबरावर घासल्याचा चकचकीत पट्टा स्पष्ट दिसत होता. हवा कमीअधिक करून हा दोष जात नाहीं.

माप घेतांना टायर उतरवून घ्यावा, आणि जेथें टायराच्या कडा टेकतात त्या दोन उभ्या कांठांच्या आंतल्या अंगापासून आंतल्या अंगापर्यंत टेप धरावी. बाहेरून माप घेतल्यास कांठांची जाडी मिळून सहा इंची चाकही सात इंची वाटतें. हवेची नळी बाहेर येते त्या भोकाजवळ बहुधा माप ठोकलेलें असतें. तारेच्या ब्रशानें गंज खरवडला कीं आंकडे दिसूं लागतात.

आणखी एक गोष्ट, आणि ही जिवाची. जुन्या वीस इंची चाकांना टायर अडविणारी सुटी लोखंडी रिंग असते. निरनिराळ्या चाकांच्या रिंगा एकमेकांत बसल्याशा वाटतात, पण बसत नाहींत. आमचे दोन टायर बदलल्यावर हवा भरतांना अशीच परकी रिंग सुटली व दुकानाच्या पत्र्यांतून आरपार गेली. काम करणारा पोर क्षणापूर्वीं चहा आणण्यास उठला होता. चाक खोलण्यापूर्वीं सगळी हवा काढावी. भरतांना तें लोखंडी पिंजऱ्यांत ठेवावें, नळी लांब घ्यावी व समोर कोणी उभें राहूं नये. अर्धवट भरलेल्या टायराची रिंग हातोड्यानें ठोकून बसविणें म्हणजे आत्मघात होय.

ट्रॅक्टर बाळगणारांनीं वरील पाऊणपटीचा नियम आपल्या मागच्या चाकास लावूं नये. तेथें १३.६-२८ चा टायर बारा इंची चाकावर बसतो. तसेंच नव्या मालमोटारींचीं साडेबावीस इंची, ट्यूब नसलेलीं चाकें निराळ्या घडणीचीं. त्यांवर वीस इंची टायर चढत नाहीं.

आतां संस्थेच्या प्रत्येक चाकावर आंतल्या बाजूस पांढऱ्या रंगानें रुंदी लिहिली आहे. गाडीस सात इंची चाकें मिळण्यास दोन महिने लागले, व तोंवर भात भाड्याच्या टेंपोनें नेलें. तीं सहा इंची चाकें विकावीं असा ठराव आला होता. परंतु दुसरा कोणी पुन्हां भोकें जुळलीं म्हणून घेऊन जाईल, ह्या भयानें आम्हीं तो मागें घेवविला. तीं सध्यां विहिरीजवळ आडवीं पडलीं आहेत, आणि मंडळी त्यांवर बसून बिडी ओढतात.