इंजिन उघडण्याआधी

आंबिवली

चि. सोनू,

ठाण्याच्या स्पर्धेत हरलेल्या डावाचा नोटेशनचा कागद पाठवलास, तो डाव मी पटावर लावून पाहिला. जवळजवळ प्रत्येक खेळीशेजारी तू इंजिनचे आकडे लिहिले आहेस. ३४व्या खेळीला हत्ती मागे घेतलास, तिथे तीन प्रश्नचिन्हं आहेत. पण त्या क्षणी तुला कशाची धास्ती वाटली, हत्ती पुढे घालायचं मनात आलं होतं का, घड्याळात किती वेळ उरला होता, यातलं काहीच कागदावर नाही. डाव तुझा आणि विश्लेषण सगळं परक्याचं, हे मला खटकलं. म्हणून लिहितोय.

१९९७च्या मे महिन्यात न्यूयॉर्कला जगज्जेता कास्पारॉव्ह आणि आयबीएमचा संगणक डीप ब्लू यांच्यात सहा डाव झाले. आम्ही मोहन्यातली मुलं पेपरात आलेल्या खेळ्या पटावर लावून बसायचो. ते यंत्र सेकंदाला सुमारे वीस कोटी स्थिती तपासायचं. पहिला डाव कास्पारॉव्हने जिंकला, पण शेवटाकडे, ४४व्या खेळीला, यंत्राने हत्ती एका निरर्थक घरात नेला. ती खेळी प्रोग्रॅममधल्या दोषामुळे पडली होती, हे त्याच्या कर्त्यांनीच पुढे सांगितलं.

दुसरा डाव मात्र तू नीट लावून बघ. यंत्राकडे पांढरी, ओपनिंग रुय लोपेझ. ३६व्या खेळीला वजीर आत घुसवून प्यादी मारता येत होती, आणि तेव्हाची यंत्रं असा घास सोडत नसत. डीप ब्लूने तो सोडला. आधी प्याद्याने प्यादं मारलं, मग उंट ई४वर आणून बसवला आणि काळ्याच्या प्रतिहल्ल्याची वाटच बंद केली. असं माणूस खेळतो, यंत्र नाही, असं कास्पारॉव्हला वाटलं. संशय त्याच्या डोक्यात शिरला तो मॅच संपेपर्यंत निघाला नाही. यंत्राच्या विचारांच्या छापील नोंदी दाखवा, अशी मागणीही त्याने केली.

आणि खरी गोष्ट पुढेच आहे. ४५व्या खेळीला यंत्राने हत्ती ए६वर नेला आणि कास्पारॉव्हने डाव सोडला. दुसऱ्या दिवशी त्याच्याच माणसांनी त्याला सांगितलं की वजीर ई३वर नेला असता तर सततच्या शहांनी डाव बरोबरीत सोडवायची वाट होती. जगज्जेत्याने ती वाट शोधलीच नाही. समोरच्याने सगळं पाहिलं असणार, तो शहांची वाट उघडी ठेवेल कसा, असं तो धरून चालला. गणितात तो कमी पडला असं मला वाटत नाही. त्याने गणित करायचंच सोडलं. सहावा डाव १९ खेळ्यांत आटोपला आणि साडेतीन-अडीच असा निकाल लागला.

वीस वर्षांनी, २०१७मध्ये, त्याने त्या मॅचवर पुस्तक लिहिलं. आजच्या इंजिनांना हाताशी घेऊन एकेक डाव पुन्हा तपासला. यंत्र तेव्हा वाटलं तेवढं भारी नव्हतं आणि आपणही चांगले खेळलो नव्हतो, हे त्याने मांडलं. मला यात मोठेपणा दिसतो तो असा की खेळताना मनात काय चाललं होतं ते त्याने लपवलं नाही. इंजिन खेळी चुकीची ठरवतं. ती का सुचली हे त्याला ठाऊक नसतं. ते फक्त खेळणाऱ्याला सांगता येतं, आणि तेही आठवणीत ताजं असेपर्यंत.

तू ठाण्याहून लोकलमध्ये बसलीस की कळवा यायच्या आत ॲप उघडतेस. पुढल्या वेळी शहाड गेलं, आंबिवली आलं, तरी उघडू नकोस. घरी येऊन आधी वहीत लिही. अडलेल्या तीन-चार जागा पुरेत: काय विचार केला, कुठली खेळी नाकारली, का नाकारली. रात्र जाऊ दे. सकाळी इंजिन लाव आणि आधी तुझी नाकारलेली खेळी त्यावर खेळून बघ. त्याने चूक म्हटलं तर त्याची ओळ झाकून त्याच स्थितीतून त्याच्याशीच खेळ, शिक्षा कुठून येते ते पटावर भोग. आकड्यांना एवढी बिचकू नकोस. १९९८मध्ये रेबेल प्रोग्रॅमने आनंदला एकूण पाच-तीनने हरवलं, पण विचाराला पुरेसा वेळ होता ते दोन डाव आनंदने दीड-अर्धा असे जिंकले.

तुझी आवडती दिव्या देशमुख बटुमीला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात टायब्रेकला कोनेरू हंपीसमोर बसली तेव्हा तिच्याजवळही इंजिन नव्हतं.

तुझ्या डावातला तो हत्ती मी अजून इंजिनला दाखवलेला नाही. मला वाटतं तो पुढे घालता आला असता, प्यादं गेलं तरी चाललं असतं, पण माझी खात्री नाही. रविवारी ये, वही घेऊन. आपण दोघं आधी पटावर भांडू. आणि ताईला सांग, जेवायला इकडेच थांबणार आहेस.

तुझा
मामा