तित्तर किती वाजता ओरडते? : वसतिगृहातील मुलांचे विज्ञान



मागील अंकात वसतिगृहाच्या निकालाची माहिती दिली होती. ती वाचून काहींनी विचारले, की मुले मराठीत आणि समाजशास्त्रात बरी आहेत, मग विज्ञानातच का अडतात? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मला एका दिवसात सापडलेले नाही, आणि त्यातला काही भाग माझ्या स्वतःच्या चुकीतून आला आहे. ती चूक आधी सांगते.

काही वर्षांपूर्वी आमच्या सातवीतल्या एका मुलाचे नाव शाळेने तालुका विज्ञान प्रदर्शनासाठी दिले. मला फार आनंद झाला. पारधी वस्तीवरचा मुलगा, घरात पहिलाच शाळेत जाणारा! आपला मुलगा मागे पडू नये म्हणून मी शहरातून पावसाच्या पाण्याच्या साठवणीचे तयार मॉडेल विकत आणले. थर्मोकोलचे घर, हिरवा भुसा, निळी नळी, सगळे देखणे. माहितीचा कागदही मीच लिहून त्याच्याकडून पाठ करून घेतला. प्रदर्शनात परीक्षक सर आले. त्याने कागद घडाघडा म्हटला. सरांनी सहज विचारले, "बाळ, तुझ्या घराच्या छपराचे पाणी कुठे जाते?" मुलगा गप्प. त्याचे घर म्हणजे पाल. त्याला छप्परच नव्हते. सरांनी चांगल्या मनाने विचारले होते, पण त्याने मान खाली घातली ती वर केलीच नाही. त्या आठवड्यात तो वस्तीवर निघून गेला आणि पुढचे चार महिने परतला नाही. त्याला परत आणायला मला सहा वेळा जावे लागले. सहाव्या वेळी त्याच्या वडिलांनी मला बसायला पोते टाकले आणि म्हणाले, "ताई, पोराला लाज वाटेल असं काम पुन्हा देऊ नका." मी त्यांना शब्द दिला.

तेव्हापासून एक नियम ठेवला आहे: मुलाच्या तोंडून आलेला प्रश्न नसेल तर प्रकल्प नाही, मग प्रदर्शन गेले तरी चालेल.

आता भाषेविषयी. आपली बरीच मुले घरी गुजरातीशी नाते सांगणारी पारधी बोली बोलतात. मराठी त्यांची शाळेतली भाषा, आणि पुस्तकातली मराठी ही त्याहून वेगळी तिसरीच. प्रकाशसंश्लेषण, बाष्पीभवन, अपवर्तन हे शब्द वेळापूरच्या बाजारात कोणी बोलत नाही. १९७४ साली मुंबईत सुरू झालेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने फार पूर्वी याच प्रश्नात हात घातला. जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरातल्या शाळांत आणि मुंबईतल्या महापालिकेच्या शाळांत त्यांनी काम केले. डॉ. वि. गो. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसून आले, की विज्ञानाची भाषा सोपी केली तर तीच मुले अधिक समजू लागतात. ज्यांना आपण 'कच्ची' म्हणतो त्यांतली कित्येक विज्ञानात कच्ची नसतात, पुस्तकाच्या मराठीत अडकलेली असतात.

याचा एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. नववीला 'कार्य आणि ऊर्जा' हा धडा असतो. त्यात येते, की वस्तू जागची हलली नाही तर बल लावूनही कार्य शून्य. अभ्यासिकेत मी हे वाचून दाखवले आणि उदाहरण दिले, डोक्यावर मोळी घेऊन नुसते उभे राहिले तर कार्य शून्य. ऊसतोड करणाऱ्या आईची मुलगी ताडकन म्हणाली, "मग आईला मजुरी कशाची देतात?" सगळी हसली. मी मात्र हसले नाही, कारण तिचे बरोबरच होते. आपल्या बोलण्यात कार्य म्हणजे काम, नाहीतर लग्नकार्य. पुस्तकाने तो शब्द उचलून त्याला वेगळाच अर्थ दिला आहे, आणि तसे केले हे मुलांना कोणी सांगत नाही. मग आम्ही हिशोब मांडला. २० किलोची मोळी जमिनीवरून दीड मीटर उचलून ट्रॉलीत टाकली, तर २० गुणिले ९.८ गुणिले १.५, म्हणजे २९४ ज्यूल कार्य. दिवसभरात अशा किती मोळ्या? मुलीने बोटांवर मोजायला सुरुवात केली. उभे राहिल्यावर आई दमते ती तिच्या स्नायूंची ऊर्जा खर्च होते म्हणून, हेही सांगितले. त्या दिवशी तिने वहीत दोन शब्द शेजारी शेजारी लिहिले, 'आपले काम' आणि 'पुस्तकातले कार्य'. तेव्हापासून आम्ही प्रत्येक धड्याची अशी दोन रकान्यांची वही ठेवतो. बोलीतला शब्द मुले सांगतात, पुस्तकातला मी सांगते. खर्च एका वहीचा.

प्रयोगांना साहित्य नाही, ही तक्रार मी पूर्वी फार करत असे. आता कमी करते. हळदीच्या पाण्यात भिजवून वाळवलेला कागद चुन्याच्या निवळीत बुडवला की लाल होतो, लिंबू पिळले की पुन्हा पिवळा. कुंकू हळद आणि चुन्यापासून करतात, हे मुलींना आजीकडून ठाऊक असते. त्यांना ठाऊक नसते ते एवढेच, की यालाच पुस्तकात दर्शक म्हणतात. पुण्याच्या आयुकात श्री. अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंपासून विज्ञानाची खेळणी करून देशभरच्या मुलांना दिली. जुन्या स्पीकरमधला चुंबक, सायकलची नळी, आगकाड्या, एवढ्यावर कितीतरी होते. आणि आपल्याच जिल्ह्यात, माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील श्री. रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० साली ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले. तेव्हा 'आपल्याकडे काय आहे' हे रडगाणे सोलापूरकरांनी तरी गाऊ नये.

आता तित्तराकडे येते.

आठवीतल्या एका मुलीला मी विचारले, तुला कशाचे नवल वाटते? बराच वेळ ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी भांडी घासताना म्हणाली, "ताई, तित्तर पहाटे ओरडतं, त्याला वेळ कशी कळते?" वसतिगृहाच्या मागे कालव्यापलीकडे माळ आहे, तिथून रोज ती हाक येते. मी ऐकत होते, पण मला ती कधी 'ऐकू' आली नव्हती.

प्रश्न उत्तम होता. पण मला भीती वाटली. पारध्याची पोर आणि तित्तर, लोक लगेच फास आठवतील. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने या लोकांच्या जन्मावरच शिक्का मारला होता. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, तरी सोलापुरात 'सेटलमेंट' हे नाव आजही चालते आणि गावात चोरी झाली की पोलीस आधी कुठे जातात हे आपल्याला माहीत आहे. तिला मी हे सगळे स्पष्ट सांगितले आणि दुसरा विषय घेऊ का विचारले. ती म्हणाली, "धरायचं थोडंच आहे? ऐकायचंच आहे." मग मी आडवी आले नाही.

आखणी साधी होती. नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून डिसेंबरअखेरपर्यंत आपल्याकडे सूर्योदय सुमारे अर्ध्या तासाने पुढे सरकतो. तित्तर उजेड पाहून ओरडत असेल तर त्याची पहिली हाकही तशीच पुढे सरकायला हवी. दुसरे काही कारण असेल तर ती त्याच वेळेला राहील. साहित्य: एक घड्याळ, एक वही, सूर्योदयाच्या वेळा देणारी भिंतीवरची दिनदर्शिका. रोज एकाच ओट्यावर बसायचे. म्हणजे एकच गोष्ट बदलेल, बाकी सारखे राहील. हे एवढे समजले की प्रयोग समजला.

तिसऱ्या आठवड्यात वही तपासताना मला संशय आला. वेळा फारच सुबक होत्या. विचारले तेव्हा रडत म्हणाली, की चार दिवस जाग आली नाही, म्हणून अंदाजे लिहिले. रागावण्यासारखे होते, पण मी स्वतः बी.ए.च्या भूगोलाच्या प्रात्यक्षिकात शेवटी येणारे उत्तर आधी ठरवून आकडे भरले होते. आपल्या शाळांत उत्तर बरोबर यावे एवढेच शिकवतात. ते चार आकडे आम्ही खोडले आणि तिथे तिच्याच हाताने लिहिले, 'झोप लागली'. एका पानावर तर 'ढग होते, उशिरा ओरडले' अशी नोंद होती. तिच्या उत्तराला सर्वांत बळ त्याच नोंदीने दिले, कारण त्या दिवशी दिनदर्शिकेप्रमाणे सूर्य वेळेवर उगवला होता, उजेड मात्र कमी होता.

शलमोन राजाविषयी पवित्र शास्त्रात (१ राजे ४:३३) सांगितले आहे, की तो झाडे, पशू, पक्षी यांच्याविषयी बोलत असे. त्याला ती माहिती कोणी दिली असेल? मला वाटते, रानात हिंडणाऱ्या माणसांनीच.

प्रदर्शनाला तिची आई आली होती, राखणीचे काम सोडून, एका दिवसाची मजुरी बुडवून. परीक्षकांनी विचारले, हाक तित्तराचीच हे कशावरून? मुलगी गडबडली. मागे उभ्या असलेल्या आईने पदर सावरला आणि तोंडाने हाक काढली. शेजारच्या टेबलांवरची मुले वळून पाहू लागली. मग मुलीने लाव्याची हाक वेगळी कशी ते करून दाखवले, आणि वहीतले 'झोप लागली'चे पानही स्वतःहून उघडून दाखवले. परीक्षक तिच्यापाशी पाऊण तास होते. क्रमांक आला नाही. पहिला क्रमांक यंत्रमानवाला मिळाला. परतताना जीपमध्ये मी तिची समजूत घालायला लागले, तर ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "लावा दुपारी का गप्प असतो, ते पुढच्या वर्षी बघू."

तिच्या लग्नाची बोलणी त्या हिवाळ्यात चालू होती. आईने ती पुढे ढकलली आहेत, दहावीपर्यंत. ते केवळ प्रदर्शनामुळे झाले असे मी म्हणणार नाही. वस्तीवर दोन वर्षे सतत जाणेयेणे होते. पण आईने मला सांगितले ते असे: "साहेब लोक तिचं ऐकत उभे राहिले."

मंडळीतील अनेकांनी विचारले आहे, काय पाठवावे. कंपासपेट्या पुरे आहेत. किलोभराचा साधा तराजू, दोन थर्मामीटर, भिंगे, चुंबक, मोजपात्रे ही उपयोगी पडतील, वापरलेली चालतील. त्याहून गरज माणसांची आहे. निवृत्त शिक्षकच हवा असे नाही. मंडळीत कोणी इलेक्ट्रिशियन असेल तर त्याने एक शनिवार येऊन मुलांना बोर्ड उघडून दाखवावा. परिचारिका भगिनींनी नाडी मोजायला शिकवावे. दहावीला विज्ञानाच्या १०० गुणांपैकी २० गुण प्रात्यक्षिकाचे असतात आणि आपली मुले हाताने काम करण्यात कोणाला हार जाणारी नाहीत. येताना उत्तरे मात्र घेऊन येऊ नका. मूल अडले की दहापर्यंत मोजा आणि गप्प बसा. मला हे अजून जमत नाही.

एक अडचण कागदपत्रांचीही आहे. केंद्र सरकारच्या इन्स्पायर पुरस्कार योजनेत निवड झालेल्या कल्पनेसाठी विद्यार्थ्याच्या बँक खात्यात १०,००० रुपये जमा होतात. खाते नाही, आधारवर नाव चुकलेले, जन्माचा दाखला नाही, अशी आपल्याकडे अकरा मुले आहेत. पारधी जमात महाराष्ट्रात अनुसूचित जमातींच्या यादीत असूनही दाखल्यासाठी किती खेटे घालावे लागतात ते वेगळे सांगायला नको. बँकेत काम केलेल्या कोणा बंधूंनी यासाठी एक आठवडा दिला तर मोठे काम होईल.

दुसरी अडचण हंगामाची. ऊसतोड दिवाळीच्या सुमारास सुरू होते, आणि शाळांची प्रदर्शने त्यानंतरच भरतात. ज्या मुलांचा प्रकल्प ऑगस्टमध्ये सुरू होतो त्यांतली निम्मी तोवर आईबापांबरोबर फडावर गेलेली असतात. यंदा म्हणून आम्ही जूनमध्येच प्रश्न गोळा केले. भिंतीवर कागद लावला आहे, त्यावर आतापर्यंत सत्तावीस प्रश्न आहेत. एक मुलगा विचारतो, कालव्याखालच्या चोपण रानात पाणी का मुरत नाही. त्याने तिथली माती आणि माळावरची माती वजनाने सारखी घेऊन दोन कापलेल्या बाटल्यांत भरली आहे आणि वरून सारखेच पाणी ओतून किती मिनिटांत झिरपते ते तो मोजतो. सहावीतल्या एकीला विचारायचे आहे, की दुपारी बारा वाजता आपली सावली कुठे जाते. वेळापूरला सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो, मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या पहिल्या एकदोन दिवसांत. मेमध्ये मुले वस्तीवर असतात. ऑगस्टमध्ये बहुधा ढग. तरीही अंगणात काठी रोवून ठेवली आहे, आणि ती सरळ उभी आहे की नाही हे ओळंब्याने तपासायला गवंडीकाम करणारे एक पालक रविवारी येऊन गेले.