जुना वायरलेस संच : नेमका कोणता, हे कसे ओळखावे?

हॅम रेडिओची परीक्षा उत्तीर्ण होऊन परवाना मिळविला की पुढचा प्रश्न उभा राहतो तो संचाचा. नवा संच परवडत नाही. मग लक्ष जाते ते टॅक्सी कंपन्या, कारखाने इत्यादींच्या गाड्यांतून उतरविलेल्या जुन्या संचांकडे. हे संच दणकट असतात व किंमतही आवाक्यातली असते. परंतु एकाच नावाखाली निरनिराळे प्रकार निघालेले असतात आणि समोरून सगळे सारखेच दिसतात. चुकीचा प्रकार पदरात पडला तर शिकवण्या करून साठविलेले पैसे गेलेच म्हणून समजा.

प्रस्तुत लेखक कला शाखेचा पदवीधर व बँकेतील कारकून आहे. विजेचे गणित येथे सांगणार नाही. क्रमांक वाचण्यास ते लागतही नाही. धनादेशाच्या तळाशी नऊ अंकी संकेतांक असतो. त्यातले पहिले तीन अंक शहराचे, मधले तीन बँकेचे, शेवटचे तीन शाखेचे. हे ठाऊक असलेल्याला धनादेश कुठला, ते विचारावे लागत नाही. वायरलेस संचाच्या मॉडेल क्रमांकाचेही तसेच आहे.

मोटोरोला कंपनीचा जीएम ३४० हा गाडीत बसविण्याचा संच उदाहरणादाखल घेऊ. दर्शनी भागावर एवढेच नाव असते. खरी ओळख अंगावर चिकटविलेल्या पट्टीवर असते, ती अशी : एमडीएम २५ आरएचसी ९ एएन १. यातला तिसरा 'एम' म्हणजे गाडीतला संच. त्याच पिढीच्या हातातल्या संचांना तेथे 'एच' येतो. २५ ही मालिका. त्यानंतरचे अक्षर सर्वांत महत्त्वाचे, कारण ते लहरींचा पट्टा सांगते. 'के' असेल तर १३६ ते १७४ मेगाहर्ट्झ, 'आर' असेल तर ४०३ ते ४७०. पुढचा 'एच' शक्ती सांगतो, येथे १ ते २५ वॅट. त्यापुढचा 'सी' हा जीएम ३४० चा. जीएम ३६० ला तेथे 'एफ' असतो. आशियात विकल्या गेलेल्या जीएम ३३८ सारख्या भाऊबंदांचा क्रमांक 'एझेडएम'ने सुरू होतो, तरी पट्ट्याचे अक्षर त्याच जागी सापडते.

आता हे आपल्या गरजेशी ताडून पाहा. भारतात हॅम मंडळींना या भागात १४४ ते १४६ आणि ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ हे पट्टे मोकळे आहेत. पहिल्यासाठी 'के' हवा, दुसऱ्यासाठी 'आर'. यूएचएफमध्ये ४५० च्या वर सुरू होणारे संचही असतात, ते आपल्या उपयोगाचे नाहीत. म्हणून विक्रेता नुसते 'यूएचएफ आहे' म्हणाला, तर ती अर्धीच माहिती समजावी. केनवूडच्या गाडीतल्या टीके संचांत पहिला अंक ७ असेल तर व्हीएचएफ, ८ असेल तर यूएचएफ. पण नेमकी मर्यादा तेथेही पट्टीवरच पाहावी लागते.

'संगणकावर प्रोग्रॅम करून देतो, मग कुठेही चालेल' असे बाजारात सर्रास सांगितले जाते. त्यावर विश्वास ठेवू नये. संगणकाने वाहिन्या भरता येतात, पट्टा बदलता येत नाही. लहर निर्माण करणारे मंडल आणि नको त्या लहरी अडविणारे फिल्टर कारखान्यातच ठरावीक पट्ट्यासाठी बांधलेले असतात. त्या पट्ट्याच्या फार बाहेर नेले की संच एक तर मुका-बहिरा होतो, नाही तर भलतीकडे कचरा फेकतो.

पट्टी नसेल किंवा खरवडलेली असेल तर? प्रथम ती का खरवडली, असा संशय यावा. चोरीचा माल असू शकतो. दर्शनी भाग एका संचाचा काढून दुसऱ्याला लावता येतो, म्हणून तेथील नाव हा पुरावा नव्हे. पैसे देण्यापूर्वी संच प्रोग्रॅमिंगच्या तारेने संगणकाला जोडून 'रीड' करून दाखवायला सांगावे. आतला मॉडेल क्रमांक, अनुक्रमांक व लहरींची मर्यादा पडद्यावर येते. पट्टीवरचा अनुक्रमांक त्याच्याशी जुळतो का, हे पाहावे. खातेदाराची सही ताडतो तसे. पूर्वीच्या मालकाने पासवर्ड घातला असेल तर वाचन होत नाही. असा संच कितीही स्वस्त असला तरी सोडून द्यावा.

घरी आणल्यावर अँटेना किंवा डमी लोड जोडल्याशिवाय माइकचे बटण दाबू नये. शिवाय संचात जुन्या मालकाच्या वाहिन्या तशाच राहिलेल्या असतात. त्यांवर बोलणे हॅम परवाना असला तरी बेकायदा आहे. त्या आधी पुसून घ्याव्यात.