‘श्यामची आई’चा पहिला खर्डा आणि नित्यलेखनाची शिस्त

साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’ या आत्मचरित्रात्मक कादंबरीचा पहिला खर्डा मुख्यतः नाशिकच्या कारागृहात ९ ते १३ फेब्रुवारी १९३३ या पाच दिवसांत सिद्ध झाला. या वेगाचे श्रेय प्रायः भावनेच्या उमाळ्यास दिले जाते. परंतु उमाळा लेखनास प्रवृत्त करतो, ते तडीस नेतोच असे नाही.

अमळनेरच्या छात्रालयात गुरुजी विद्यार्थ्यांसाठी हस्तलिखित दैनिक चालवीत. पुढे धुळ्याच्या कारागृहात २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२ या काळात विनोबांची १८ गीताप्रवचने त्यांनी रविवारामागून रविवार लिहून घेतली. ठरल्या वेळी मजकूर पुरा करण्याची सवय हाताला अशी आधीच जडली होती.

कृतीची रचनाही या सवयीशी सुसंगत आहे. १९३५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथाचे ‘रात्र’ या नावाचे ४२ विभाग आहेत. एका रात्री सुरू झालेली आठवण बहुधा त्याच रात्री संपते. त्यामुळे समग्र कादंबरीचा भार एका बैठकीवर पडत नाही. लेखकापुढे असते ती केवळ पुढची रात्र. म्हणूनच नाशिकच्या पाच दिवसांचा विचार करताना अमळनेर-धुळ्याची वर्षे वगळता येत नाहीत.