मालकी सोडू नकोस

सोलापूर,
गुढीपाडवा

चि. सई,

तुझं पत्र आणि सोबतचा कराराचा मसुदा मिळाला. तू दोन प्रश्न विचारले आहेस. अल्बम आता कुणी विकत घेत नाही, मग तुमच्या बँडने आठ गाण्यांचा अल्बम करायचा की दर महिन्याला एकेक गाणं सोडायचं? आणि लेबल ध्वनिमुद्रणाचा सगळा खर्च उचलायला तयार आहे, वर काही रक्कमही देतंय, तर सही करायची का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण पहिल्याचं उत्तर त्यावर अवलंबून आहे. आहे त्या मसुद्यावर सही करू नका. त्यातल्या एका कलमानुसार तुमच्या ध्वनिमुद्रणाची मालकी कायमची आणि साऱ्या जगासाठी लेबलकडे जाते. बाकी कलमांवर घासाघीस होऊ शकते. हे कलम बदलल्याशिवाय पेन उचलू नका.

माझा धंदा हिशेब तपासण्याचा आणि वेड रॉकचं, हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे. म्हणून मी असं का म्हणतो ते आकड्यांनिशी सांगतो.

तू लिहिलंस की रॉक बँडचे दिवस संपले, लोकांनी पाठ फिरवली. तसं झालेलं नाही. लोकांचं ऐकणं कमी झालं नाही, विकत घेण्याची रीत बदलली. १९९९ साली अमेरिकेत ध्वनिमुद्रित संगीताची उलाढाल १४.६ अब्ज डॉलरवर पोचली होती आणि तिचा मुख्य आधार सीडी होता. एखादंच गाणं आवडलं तरी बहुतेक वेळा अख्ख्या सीडीचे पैसे मोजावे लागत. त्याच वर्षी जूनमध्ये शॉन फॅनिंग नावाच्या कॉलेजवयीन पोराने नॅपस्टर सुरू केलं आणि लोक आपल्या कॉम्प्युटरवरची गाणी एकमेकांना फुकट देऊ लागले. एप्रिल २००३ मध्ये ॲपलने आयट्यून्स स्टोअर उघडून ९९ सेंटला सुटं गाणं विकायला काढलं. चोरीला कायदेशीर पर्याय मिळाला, पण अल्बमची मोट सुटली ती सुटलीच. २०१४ पर्यंत अमेरिकेतली उलाढाल निम्म्याहून खाली, सात अब्जांच्या आसपास आली. पुढे स्ट्रीमिंगने ती वर काढली आणि २०२३ मध्ये ती १७.१ अब्जांवर गेली. महागाई धरली तर १९९९ ची उंची अजून गाठलेली नाही, पण पैसा बाजारात परत आला आहे. तो कुणाच्या खिशात जातो, हे पाहायला हवं.

नॅपस्टरशी सर्वांत मोठ्याने भांडला तो मेटॅलिका हा बँड. 'आय डिसअपिअर' हे त्यांचं गाणं प्रसिद्ध होण्याआधीच नॅपस्टरवर फुटलं आणि रेडिओवर वाजू लागलं. एप्रिल २००० मध्ये त्यांनी दावा लावला. ड्रमर लार्स उलरिक तीन लाखांहून अधिक वापरकर्त्यांच्या नावांची खोकी घेऊन नॅपस्टरच्या कचेरीत गेला. चाहते बँडवरच चिडले. जुलै २००१ मध्ये नॅपस्टर बंद पडलं. ही गोष्ट सांगणारे बहुधा इथेच थांबतात, पण तुझ्या कामाचा भाग पुढचा आहे. १९९४ मध्ये हाच बँड आपल्या लेबलविरुद्ध कोर्टात गेला होता. त्या भांडणातून झालेल्या नव्या करारामुळे २०१२ च्या अखेरीस त्यांच्या सगळ्या अल्बमची मालकी त्यांच्याकडे आली. त्यांनी ब्लॅकन्ड रेकॉर्डिंग्ज ही स्वतःची कंपनी काढली आणि त्याच डिसेंबरात आपलं सगळं संगीत स्पॉटिफायवर आणलं. ती घोषणा करताना उलरिकच्या शेजारी नॅपस्टरचा सहसंस्थापक शॉन पार्कर उभा होता. आपलं गाणं कुठे वाजावं हे आपण ठरवणार, एवढाच त्यांचा हट्ट होता. ठरवण्याचा अधिकार हातात आल्यावर त्यांना नव्या तंत्राचं वावडं राहिलं नाही.

अल्बम खपत होते तेव्हा बँड सुखात होते, हीही समजूत मनातून काढून टाक. 'इन युटेरो' हा निर्वाणा बँडचा अल्बम ध्वनिमुद्रित करणाऱ्या स्टीव्ह अल्बिनीने १९९३ मध्ये 'द बॅफलर' या नियतकालिकात एका काल्पनिक बँडचा ताळेबंद मांडला होता. मोठं लेबल, घसघशीत उचल, अडीच लाख प्रती खपलेल्या. शेवटी संगीत-व्यवसायाने तीस लाख डॉलरहून अधिक कमावले आणि प्रत्येक वादकाच्या हाती चार हजारांच्या आसपास पडले. दुकानात गल्ल्यावर बसून याच्या तिप्पट मिळाले असते, असा त्याचा हिशेब होता. कारण साधं आहे. उचल म्हणजे बक्षीस नव्हे. स्टुडिओ, व्हिडिओ, प्रवास, सगळा खर्च तुमच्या रॉयल्टीतून वळता होतो आणि तो फिटेपर्यंत तुमच्या खात्यात शून्यच दिसतं. सई, हा ताळेबंद तुझ्या हातातल्या मसुद्यालाही लागू आहे. 'खर्च लेबल करणार' या वाक्याखालीच बारीक अक्षरात ही वळती लिहिलेली आहे. ती वाचून मगच बोलायला बस.

आता स्ट्रीमिंगचं. एका प्लेला अमुक पैसे असा ठरलेला दर नसतो. समज, तू महिन्याला शंभर रुपये भरतेस आणि महिनाभर एकट्या इंडियन ओशन या बँडची गाणी ऐकतेस. तुझे पैसे त्यांना जातील असं तुला वाटेल. पण प्रचलित पद्धतीत साधारण एक तृतीयांश हिस्सा प्लॅटफॉर्म ठेवतो, उरलेली रक्कम सगळ्या श्रोत्यांच्या पैशांत मिसळते आणि एकूण प्लेजमध्ये ज्याचा जेवढा वाटा तेवढं त्याला मिळतं. म्हणजे तुझ्या शंभरातले बहुतेक पैसे तू कधीच न ऐकलेल्या गाण्यांना जातात. गाणं तीस सेकंद वाजलं की एक प्ले धरतात, मग ते अडीच मिनिटांचं असो की बारा मिनिटांचं. व्हल्फपेक या अमेरिकन बँडने २०१४ मध्ये हे नियम जगाला दाखवून दिले. त्यांनी तीस सेकंदांहून किंचित लांब अशा दहा निःशब्द ट्रॅकचा 'स्लीपिफाय' अल्बम स्पॉटिफायवर ठेवला आणि चाहत्यांना तो झोपताना रात्रभर लावून ठेवायला सांगितलं. वीस हजार डॉलरच्या घरात रक्कम जमली आणि त्यावर त्यांनी विनातिकीट कार्यक्रमांचा दौरा केला. स्पॉटिफायने तो अल्बम काढून टाकला. २०२४ पासून तर स्पॉटिफायवर वर्षभरात हजार प्लेज न झालेल्या गाण्याला ध्वनिमुद्रणाचा पैसाच मिळत नाही.

यातून तू दोन गोष्टी लक्षात घे. स्ट्रीमिंग हा लोकांपर्यंत पोचण्याचा रस्ता आहे, तिथे गाणी जरूर असावीत, पण चार जणांच्या बँडचं घर त्यावर चालेल असं धरून नोकऱ्या सोडू नका. आणि प्लॅटफॉर्मकडून येणारी रक्कम ध्वनिमुद्रणाच्या मालकाकडे जाते. आधीच थोडी असलेली ती रक्कम मालकी दिल्यावर आणखी किती हातांतून गाळून तुमच्यापर्यंत येईल, याचा विचार कर.

मालकी असली की काय करता येतं, ते रेडिओहेड या बँडकडे पाहून कळतं. ईएमआय या लेबलबरोबरचा करार संपल्यावर त्यांनी ऑक्टोबर २००७ मध्ये 'इन रेनबोज' आपल्याच वेबसाइटवर ठेवला आणि किंमत ऐकणाऱ्यांवर सोपवली. पुढे सीडीसाठी त्यांनी इतर कंपन्यांना परवाना दिला, मालकी स्वतःकडे ठेवली, आणि ती सीडी ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे पहिल्या क्रमांकावर गेली. त्यांच्या जुन्या अल्बमची मालकी मात्र ईएमआयकडे होती. २००८ मध्ये त्या कंपनीने बँडच्या सहभागाशिवाय रेडिओहेडच्या निवडक गाण्यांचा संग्रह बाजारात आणला. बँड तोच, गाणारा गळा तोच. कागद वेगळे होते, म्हणून एका अल्बमवर त्यांचा शब्द चालला आणि दुसऱ्यावर चालला नाही.

तू म्हणशील, रेडिओहेडचं नाव लेबलच्या पैशावरच झालं होतं. खरं आहे. म्हणून आपल्याकडची दोन उदाहरणं देतो. रेमो फर्नांडिसने १९८४ मध्ये गोव्यात घरीच चार ट्रॅकच्या यंत्रावर, सगळी वाद्यं स्वतः वाजवून 'गोअन क्रेझी' केला आणि त्याच्या कॅसेट स्कूटरवरून दुकानोदुकानी पोचवल्या. मोठ्या कंपन्या त्याच्या दारी नंतर आल्या. दिल्लीच्या इंडियन ओशनने २०१० मध्ये '१६/३३० खजूर रोड' या अल्बममधली गाणी महिन्याला एक अशी इंटरनेटवर फुकट दिली. त्यांचा तबलावादक-गायक असीम चक्रवर्ती आदल्या डिसेंबरात गेला होता. त्याचा आवाज असलेली ती गाणी कुणाचीही परवानगी न मागता त्यांनी थेट लोकांच्या हाती दिली. फुकट द्यायलासुद्धा आधी वस्तू आपली असावी लागते.

आता कायदा पाहा. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणासाठी जो पुढाकार आणि जबाबदारी घेतो तो निर्माता, आणि पहिली मालकी त्याची. म्हणून स्टुडिओचं बिल शक्य तितकं तुम्हीच भरा, छोटा स्टुडिओ घ्या, तालीम पक्की करून जा म्हणजे तास कमी लागतील. करारात मुदत लिहिली नसेल तर कायदा हक्कांचं हस्तांतर पाच वर्षांचं धरतो, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतं. तुमच्या मसुद्यात 'कायमची' आणि 'साऱ्या जगासाठी' हे शब्द आवर्जून का घातले आहेत, ते आता तुझ्या ध्यानात येईल. तुम्ही उलट प्रस्ताव द्या: मालकी बँडची, लेबलला ठराविक वर्षांचा परवाना, मुदत संपली की सगळं परत. चांगलं लेबल प्रसिद्धी, वितरण आणि कार्यक्रम मिळवून देतं. त्या कामाचा वाटा त्याला अवश्य द्या.

शब्द आणि चाल यांचा हक्क वेगळा, ध्वनिमुद्रणाचा वेगळा. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला समान वाटा सुरक्षित केला आहे. तो वसूल व्हावा म्हणून तू आणि तुमचा गिटारवाला, जे गाणी रचता, ते आयपीआरएस या संस्थेचे सभासद व्हा. आणि हे सगळं करण्याआधी चौघे एकत्र बसून, प्रत्येक गाण्यात कुणाचा किती वाटा ते एका कागदावर लिहून सह्या करा. बँडचं नाव कुणाचं, सोडून जाणाऱ्याला काय मिळणार, तेही लिहा. मैत्री घट्ट असते तेव्हाच हे सोपं जातं. मूळ ध्वनिमुद्रणाच्या, सुट्या ट्रॅकसकट, दोन प्रती दोन घरी ठेवा. पैसे घेऊन प्लेज वाढवून देणाऱ्यांना दारात उभं करू नका. खोटे प्लेज सापडले की गाणी काढून टाकली जातात, आणि खरे श्रोते किती ते तुम्हालाही कधी कळत नाही.

प्रत्येक कार्यक्रमात दाराशी वही ठेवा आणि येणाऱ्यांचे ईमेल पत्ते त्यांच्या संमतीने घ्या. प्लॅटफॉर्म तुम्हाला श्रोत्यांची संख्या सांगतो, त्यांचा पत्ता देत नाही. ज्या दोनशे लोकांना तुम्ही थेट लिहू शकता, ते तुमचे. वॉशिंग्टनच्या फुगाझी बँडने स्वतःच्या डिसकॉर्ड लेबलवर अल्बम काढले, तिकीट पाच डॉलरच्या आसपास ठेवलं आणि लहान वयाच्या पोरांनाही आत येऊ दिलं. २०११ पासून त्यांनी आपल्या शेकडो जुन्या कार्यक्रमांची ध्वनिमुद्रणं थेट चाहत्यांना द्यायला सुरुवात केली. ऐकणाऱ्यांशी सरळ नातं होतं, म्हणून मंचावरून उतरल्यावर इतक्या वर्षांनीही ते टिकलं.

आता तुझा पहिला प्रश्न. अल्बम करा. आठही गाणी एका विचाराची असतील तर आठांचा करा, नसतील तर चारांचा. आधी दोन गाणी सुटी सोडा, लोकांना चव कळू दे, पण अख्खी वस्तू डोळ्यांपुढे ठेवूनच काम करा. पहिल्या तीस सेकंदांत सगळं कोंबा, सुरावट छाटा, असं सांगणारे भेटतील. त्यांचं ऐकू नका. टूल या बँडने ऑगस्ट २०१९ पर्यंत आपलं संगीत स्ट्रीमिंगवर येऊच दिलं नव्हतं. त्याच महिन्यात आलेलं 'फिअर इनॉक्युलम' हे त्यांचं दहा मिनिटांहून लांब गाणं बिलबोर्ड हॉट १०० मध्ये शिरलं, आणि तोवर त्या यादीत आलेलं ते सर्वांत लांब गाणं ठरलं. २०२२ मध्ये अमेरिकेत ४.१ कोटी एलपी आणि ३.३ कोटी सीडी विकल्या गेल्या. १९८७ नंतर प्रथमच एलपीची संख्या सीडीहून वर गेली. अख्खा अल्बम हाती धरून ऐकणारे लोक आहेत. आणि अल्बम अखंड ठेवायचा तर तेही करारात लिहावं लागतं. पिंक फ्लॉइडने तसं कलम घालून घेतलं होतं, म्हणून २०१० मध्ये लंडनच्या न्यायालयाने ईएमआयला त्यांची गाणी त्यांच्या संमतीविना सुटी विकायला मनाई केली.

तुमची गाणी मी मनापासून ऐकली आहेत. त्यांत तुमच्या गल्लीचा, तुमच्या भाषेचा आणि तुमच्या वयाचा राग आहे, जिव्हाळा आहे. ती दहा वर्षांनी कदाचित आजच्यापेक्षा जास्त लोकांना हवीशी होतील. तेव्हा ती पुन्हा वाजवायची, पुन्हा काढायची, एखाद्या चित्रपटाला द्यायची की नाकारायची, हे तुम्ही चौघांनी ठरवावं, एवढंच मला हवं आहे. लेबलला उत्तर पाठवण्याआधी कॉपीराइटचं काम करणाऱ्या वकिलाला मसुदा दाखव. त्याची फी मी भरतो, तो माझा पाडव्याचा आहेर समज. बदललेला मसुदा आला की मला पाठव, आपण कलमवार बसू.

ताईला आणि भाऊजींना नमस्कार.

तुझा,
मामा